झाडावरच्या खुर्चीचा सौदा

माझ्या साडूने मला फसवलं. जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये, रविवारी दुपारी, माझ्याच घरामागच्या अंगणात, आमच्या दोघांच्या सासऱ्यांच्या देखत फसवलं. आणि फसवताना तोंडात काय, तर "दाजी, तुम्ही म्हणाल तसं." घरातली मंडळी ही हकीकत उलटी सांगतात, मी त्याला लुबाडायला गेलो म्हणतात. म्हणून एकदा सरळ लिहून टाकतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहून शिकलेला माणूस. पुढे बिडाच्या कास्टिंगचे नमुने बॅगेत भरून जर्मनीत आलो, ऑफिसांच्या दारात ताटकळलो आणि इथल्या मोटार कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांना कोल्हापूरचं बीड विकत इथेच राहिलो. जर्मन माणूस भाव सांगतो आणि गप्प बसतो. त्याच्या मते विषय संपलेला असतो. माझा विषय तिथून सुरू होतो. यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचा नवरा. मूळचा पुण्याचा, आखनला पीएचडी करून आमच्याच गावात कारखान्यात नोकरीला लागला. माझ्यापेक्षा वयाने लहान, म्हणून बायकोचं ऐकून मला दाजी म्हणतो. आवाज मऊ. चहात साखर कमी पडली तरी "छान झालाय" म्हणणारा. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, त्याचं फार कौतुक. कोल्हापुरात ते सगळ्यांना "धाकटे जावई डॉक्टर आहेत" एवढंच सांगतात. कशाचे ते सांगत नाहीत. त्यामुळे तो सुट्टीवर गेला की गल्लीतल्या म्हाताऱ्या गुडघे घेऊन त्याच्यापुढे बसतात. माझ्याबद्दल मामा म्हणतात, "थोरले पण तिकडंच असतात." पण. हा "पण" मी कितीतरी वर्षं गिळत आलो होतो.

आम्ही दोघेही गावातल्या धनुष्य-क्लबात होतो. मी पाठीच्या व्यायामासाठी गेलो आणि तो माझ्या मागून आला. जर्मनीत धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे, शिकार करायची ती बंदुकीने आणि परवाना काढून. त्यामुळे आमच्या क्लबातली हरणं फोमची. दिसायला हुबेहूब, अंगावर काळजाच्या जागी एक गोल कोरलेला. शरद ऋतूत क्लबाचा एक खास दिवस असे. जंगलाचा एक तुकडा दोरी लावून आखायचा, प्रत्येकाने त्यातलं एक झाड निवडून पहाटे वर चढायचं आणि तीन तास चूपचाप बसायचं. त्या वेळात कधीतरी, आधी न सांगता, तारेवर ओढलेलं फोमचं हरीण झाडांमधून सरकत जायचं. बाण एकच. ज्याचा काळजाच्या जवळ लागेल त्याला गावचा वनरक्षक खऱ्या हरणाची तंगडी द्यायचा. ती अर्थात बंदुकीने, कायदेशीर मारलेल्या हरणाची.

नियम कडक होते. झाडाला खिळा नाही, स्क्रू नाही, फांदी तोडायची नाही. चढायचं साधन पाठीवर घेऊन यायचं आणि तसंच परत न्यायचं.

त्या वर्षी मामा पहिल्यांदाच जर्मनीला आले होते. सुरुवातीचे दिवस बरे गेले, मग कंटाळले. रविवारी सगळी दुकानं बंद, शेजारी बोलत नाहीत, टीव्ही कळत नाही. मटण मात्र मामांचा प्राण. घरात तांबडा रस्सा तेच करणार, आम्ही फक्त कांदा चिरायचा. तंगडीचं ऐकून ते उठूनच बसले.

"खऱ्या हरणाची?"

"खऱ्या हरणाची, मामा."

"आणि कोण आणणार?" असं म्हणून त्यांनी साडूकडे बघितलं. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघितलं.

"मी आणतो," मी म्हणालो. बोलून गेलो. साडू म्हणाला, "दाजींचा नेम चांगला आहे, मामा." मामा "बघू" म्हणाले आणि चहा प्यायले.

तर मला ती तंगडी आणायचीच होती. एकदा तरी मामांनी कोल्हापुरात जाऊन "थोरल्यांनी" या शब्दाने वाक्य सुरू करावं, एवढीच माझी इच्छा होती.

नेमाची मला काळजी नव्हती. काळजी होती बसण्याची. तीन तास झाडावर बसून पाठ अवघडली की हात थरथरतो आणि मग नेम कुठला! माझ्याकडे अमेरिकेतून मागवलेला एक पट्टा होता. तिकडचे शिकारी त्याला सॅडल म्हणतात. जाड जाळीचा पट्टा कुल्ल्यांखाली घ्यायचा, त्याचा दोर खोडाला बांधायचा, पाय छोट्या फळीवर टेकवायचे आणि मागे रेलून लटकायचं. खांबावर चढलेला आपला वायरमन जसा लटकतो तसं. वर जायला शिडीचे आखूड तुकडे, तेही खोडाला पट्ट्यांनी बांधायचे. सगळा संसार एका पिशवीत मावतो.

साडूकडे वेगळंच यंत्र होतं. मी त्याला चढती खुर्ची म्हणायचो. दोन चौकटी, एक बसायची आणि एक पायाखालची, दोन्ही पोलादी तारेने खोडाला वेढलेल्या. बसून खालची चौकट पायांनी वर ओढायची, मग उभं राहून वरची सरकवायची. सुरवंट चढतो तसं माणूस वर जातो. वजनाला भारी. पण वर पोचलं की काय थाट! पाठीला टेका, हाताला हात, बुडाखाली गादी. माझ्या ऑफिसातली खुर्चीसुद्धा इतकी चांगली नव्हती.

रविवारी साडू सहकुटुंब जेवायला आला होता. भरली वांगी झाली होती. जेवण झाल्यावर मी म्हटलं, चला, दोन्ही वस्तूंची परीक्षा घेऊ. घरामागे पाइनचं एक झाड होतं, टेलिफोनच्या खांबासारखं सरळ. मामांना खाली खुर्ची दिली, बायका बाल्कनीत.

आधी मी पट्ट्यात लटकलो. पहिली पाच मिनिटं ठीक. मग कमरेच्या दोन्ही बाजूंना पट्टा असा आवळायला लागला की खेकड्याने धरावं.

"वायरमन दिसताय, जावईबापू," खालून मामा म्हणाले. "लाइट कधी येणार?"

वरच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीत आली. "हॉइटं इस्ट झोन्टाग!" आज रविवार आहे, हे तिचं नेहमीचं. रविवारी इथे हातोडीसुद्धा मारायची नाही. मी तिला वरूनच सांगितलं, की बाई, मी लटकतोय, लटकण्याचा आवाज होत नाही. ती म्हणाली, पण दिसतं ना! माझी मुलगी बाल्कनीतून "पापा, पाइनलिश!" म्हणजे लाज आणता, असं कण्हली आणि लाजून आत पळाली.

"अहो, उतरा आता," बायको म्हणाली. "ती पोलिसांना बोलवील."

उतरलो आणि साडूच्या खुर्चीत चढलो. काय सांगू! पाठ टेकली, हात टेकले, वांगी पोटात स्थिरावली. वारा येत होता. मी डोळे मिटले, आणि पुढे मला ऐकू आलं ते मामांचं वाक्य, "घोरतोय की ओ हा!"

खाली उतरेपर्यंत माझा निर्णय झाला होता. खुर्ची मला हवी होती. पण हवी आहे असं दाखवायचं नसतं.

"जड आहे फार," मी म्हटलं.

"आहे ना," साडू म्हणाला.

"रंगही उडालाय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. उडालाय थोडा."

"माझा पट्टा बघ. हलका. अमेरिकेतला. पिशवीत मावतो."

"पण चावतो म्हणता ना दाजी, कमरेला?"

"ते सवयीचं आहे."

"नाही हो, चावतोच तो," साडू म्हणाला. "सगळ्यांनाच चावतो."

हे वाक्य ध्यानात ठेवा. हे त्याने मामांच्या समोर म्हटलं. त्याला माझा पट्टा नकोसा वाटतोय असं मला वाटलं, आणि समोरच्याला वस्तू नकोशी असली की मला चेव येतो. मी म्हटलं, अदलाबदल करू, या वर्षापुरती. पट्टा तुला, खुर्ची मला. तो म्हणाला, "तुम्ही मोठे, दाजी. आधी तुम्ही निवडायचं." आता मोठ्या जावयाला असा मान दिल्यावर सासऱ्यांसमोर मी नाही म्हणणार होतो का? मामांनी मान डोलावली. आमच्याकडे थोरल्या जावयाच्या ताटात आधी वाढतात, हे त्याला पुण्याचा असूनसुद्धा पक्कं माहीत होतं.

पण मी मी आहे. नुसत्या अदलाबदलीवर थांबलो नाही. म्हटलं, खुर्ची जड आहे, तर झाडापर्यंत तू उचलून न्यायची. तो म्हणाला, नेतो. म्हटलं, तुझा थर्मासही मला. दिला. म्हटलं, त्या दिवशी गाडी तू चालवायची, मामांना घेऊन. चालवतो म्हणाला. म्हटलं, आणि क्लबाचं श्रमदान?

श्रमदानाचं सांगतो. इथे क्लबात नुसती वर्गणी भरून चालत नाही. प्रत्येक सभासदाने वर्षातून काही तास काम करायचं असतं, गवत काप, छप्पर रंगव, जंगलातली वाट साफ कर. माझे तास राहिले होते. साडूला म्हटलं, माझे तास पण तूच भर. माझी पाठ, तुला माहीत आहे.

"भरतो, दाजी. तुम्ही म्हणाल तसं."

एकाही गोष्टीला तो "नाही" म्हणाला नाही, की "अर्धं तुम्ही, अर्धं मी" म्हणाला नाही. मी आयुष्यभर सौदे केलेत. सौद्यात समोरचा कुरकुरतो, उठून जायचं नाटक करतो, बायकोला विचारतो म्हणतो. हा पठ्ठ्या मान हलवत राहिला. तिथेच मला वास यायला हवा होता. पण मामा हसून म्हणाले, "थोरले व्यवहाराला पक्के हं!" आणि मी हुरळलो. "थोरले" म्हणाले होते ते. "पण" नव्हता म्हणाले.

तो दिवस आला. नेकार नदीवर धुकं, टेकडीवरच्या द्राक्षमळ्यांची पानं पिवळी. साडू गाडी चालवत होता, मामा पुढे, मी मागे खुर्ची मांडीवर घेऊन. क्लबाची मंडळी जंगलाच्या तोंडाशी जमली होती. आदल्या वर्षी आमचा तुकडा पाइनच्या लागवडीत होता, सगळी झाडं सैनिकांसारखी सरळ. माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं. क्लबाचे वयस्क प्रमुख पुढे झाले, दोरी दाखवली आणि म्हणाले, "आल्झो, तर हा यंदाचा भाग."

मी बघतच राहिलो. ओकची जुनाट झाडं. वाकडी, पिळलेली, छातीएवढ्या उंचीवरच दोन दोन फाटे फुटलेली, बुंध्यापासून फांद्या. एक खोड सरळ असेल तर शपथ!

आता चढत्या खुर्चीचं गणित साधं आहे. तार खोडाला वेढलेली असते. मध्ये फांदी आली की खुर्ची तिथेच थांबते. फांदी तोडायची नाही हा नियम. मी या झाडाकडून त्या झाडाकडे हिंडतोय, साडू ठरल्याप्रमाणे खुर्ची उचलून माझ्या मागे.

"हे?" मी म्हणायचो.

"याला फाटा आहे, दाजी."

"मग ते?"

"त्याच्या खोडाला तार पुरणार नाही. फार जाड आहे."

"तुला काय माहीत? लावून बघ." त्याने लावून बघितली. पुरली नाही.

शेवटी कडेला एक बर्च सापडला. उसापेक्षा थोडा बरा. साडूने खुर्ची अडकवून दिली, "जपून हं" म्हणाला आणि माझा पट्टा खांद्यावर टाकून निघून गेला. मी सुरवंटासारखा चढू लागलो, आणि लगेच फांदी आली. खुर्ची थांबली. खाली बघितलं. मी चुलीपुढच्या पाटावर बसावं इतपत वर होतो. खाजकुयलीची भावंडं शोभतील अशी झुडपं माझ्या पोटऱ्यांना लागत होती.

प्रमुख तपासायला आले. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेत का ते वाकून बघितलं. "गिल्ट," म्हणाले, म्हणजे चालेल. हसले नाहीत. जर्मन माणूस नियमात बसणाऱ्या गोष्टीला हसत नाही.

हसले ते मामा. प्रेक्षकांना दोरीपर्यंत यायची परवानगी होती आणि माझं झाड नेमकं दोरीला लागून. मामा कानटोपी घालून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आमचे डोळे एका पातळीत होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्ही चढून झालात, का अजून चढायचंय?"

"चढून झालो, मामा."

"बरं बरं. बसा निवांत."

पाठीला टेका होता, हाताला हात होता, मांडीवर साडूचा थर्मास होता. मी तीन तास जमिनीलगत अत्यंत आरामात बसलो. पलीकडे एका वेड्यावाकड्या ओकवर साडू लटकला होता. शिडीचे तुकडे त्याने फाट्याफाट्यातून वळवून बांधले होते. पट्टा माझ्यासारखा कमरेवर चढू न देता खाली, मांड्यांच्या मुळाशी ओढला होता, आणि दोर माझ्यापेक्षा बराच वर, डोळ्यांच्या उंचीवर. गुडघ्यांना जाड पॅड. कधी बसायचा, कधी पाय ताठ करून मागे रेलायचा. खेकडा-बिकडा काही नाही. झोपाळ्यावर सुपारी कातरत बसल्यासारखा दिसत होता. "सगळ्यांनाच चावतो" म्हणणारा हाच तो गृहस्थ!

हरीण आलं. मला आधी त्याची पाठ दिसली, मग झुडपं, मग पुन्हा पाठ. जमिनीवरून काय दिसणार? मी उभा राहिलो, बर्च डुलला, बाण सुटला आणि एका सडक्या ओंडक्यात जाऊन बसला. पुढे हरीण साडूच्या मागच्या बाजूला गेलं. खुर्चीतला माणूस तिथे हतबल. हा मात्र दोरावर खोडाभोवती अलगद फिरला, जणू प्रदक्षिणा घालतोय, आणि बाण सोडला. तो काळजाच्या गोलात लागला. टाळ्या पडल्या. मामांची शिट्टी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. नशीब म्हटलं असतं. पण तंगडी देताना प्रमुखांनी भाषण केलं. साडूचा हात हातात घेऊन म्हणाले, या तरुणाचे आभार मानले पाहिजेत. यंदाचा हा ओकचा भाग साफ करायला तो उन्हाळ्यात आला होता. एकदा स्वतःचे तास भरायला आणि नंतर पुन्हा, आपल्या नातेवाइकाचे तास भरायला.

आमची अदलाबदल झाली या दोन खेपांच्या मध्ये. मी मामांकडे बघितलं. मामांना जर्मन कळत नाही. ते तंगडीकडे बघत होते.

"तुला माहीत होतं!" मी गाडीत ओरडलो.

"काय, दाजी?"

"ओक! वाकडे ओक आहेत हे माहीत होतं!"

"तुम्ही विचारलं नाहीत, दाजी. आणि खुर्ची तुम्हीच निवडलीत ना? मी म्हटलं, आधी तुम्ही."

"पट्टा चावतो म्हणालास!"

"चावतो की. तुम्ही बांधला होता तसा बांधला तर चावतो."

"भांडू नका रे," पुढच्या सीटवरून मामा म्हणाले. मांडीवर कागदात गुंडाळलेली तंगडी होती. "मसाला वाटायचाय."

रस्सा माझ्या घरी झाला, कारण मोठं पातेलं माझ्याकडे. मी कांदा चिरला. रस्सा असा झाला होता की दोन वेळा भात संपला. मग मामांनी डावाने पातेल्यात तळापर्यंत शोधून नळी काढली. आमच्याकडे नळी थोरल्या जावयाला. मी ताट किंचित पुढे केलं. मामांनी ती साडूच्या ताटात ठेवली.

"ज्यानं आणली त्याला," ते म्हणाले.

"अहो, खा आता," बायको माझ्या कानात म्हणाली. "तोंड नका असं करू, पाहुणे आहेत." पाहुणे! माझ्या मर्जीने, माझ्या पट्ट्यावर जिंकलेली तंगडी चोखणारे पाहुणे! साडूने नळी माझ्यापुढे धरली, "दाजी, तुम्ही घ्या." मी घेतली नाही. जेवणाने नव्हे, रागाने पोट भरलं होतं. त्यावर त्याने ती ताटावर आपटून शेवटपर्यंत रिकामी केली.

मामा परत गेले. आता कोल्हापुरात दोन्ही जावयांची हकीकत सांगतात. धाकटे झाडावर कसे फिरले आणि थोरले झाडाखाली कसे बसले. झाडाखाली नव्हतो. पाय सुटलेले होते, प्रमुखांनी वाकून तपासले होते.

तू हे वाचशील, मला माहीत आहे, आणि वाचून "दाजी, छान लिहिलंय" म्हणशील. ते नको आहे मला. पट्टा परत दिलास, थर्मास मी परत दिला, तो हिशेब संपला. मला उत्तर पाहिजे. त्या रविवारी पाइनखाली उभा राहून "आधी तुम्ही" म्हणालास तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर ते ओक होते की नव्हते? "विचारलं नाहीत" हे उत्तर नाही. "तुम्ही मोठे" हेही नाही. येत्या शनिवारी घरी ये, मामांना फोन लावू, स्पीकर चालू करू, आणि त्यांच्या कानावर पडेल असं स्पष्ट सांग, होते का नव्हते?